वाकवलेला शिक्का

मी मूळचा मिरजेचा, शिकलो सांगलीला, आणि जपानी येते एवढ्या एका भांडवलावर ओसाकात आलो तो इथलाच झालो. नोकरी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत. कंपनी आपल्या नावाची करीची दुकानं लोकांना चालवायला द्यायची. नाव, मसाले, नियम कंपनीचे, पैसा आणि कष्ट दुकानदाराचे. दुकानासाठी बघितलेल्या जागी उभं राहून येणारीजाणारी माणसं मोजायची आणि त्यावरून विक्रीचा अंदाज लिहायचा, हे माझं काम. मोजायचं ते खटखट यंत्र दाबून दाबून अंगठा अजून दुखतो, पण ते जाऊ द्या.

पूर्व जपानात मोठा भूकंप झाला त्या वर्षी तिकडच्या एका कारखान्याची कचेरी तात्पुरती ओसाकात आली आणि एका स्टेशनाबाहेर एकदम गर्दी वाढली. मी ती मोजली. ही माणसं वर्षभरात परत जाणार हे मला ठाऊक होतं, तशी चिठ्ठी मी अंदाजाच्या कागदाला जोडलीही. साहेब म्हणाले, ही कशाला, काढा. मी काढली. आणि इथं सहीऐवजी प्रत्येकाचा आपल्या नावाचा शिक्का असतो, तो मारला. इथं वरिष्ठांकडं कागद जायचा असला की काही जण आपला शिक्का जरा डावीकडं कलता मारतात, म्हणजे तो साहेबांच्या शिक्क्यापुढं वाकल्यासारखा दिसतो. काय सांगू तुम्हाला, किती सफाईनं वाकवला मी तो!

ती जागा घेतली वैशालीनं. नवऱ्याच्या नोकरीमुळं पुण्याहून आलेली, हुशार, हाताला चव. गणपतीत आमच्याकडं मोदक वळायला यायची. मला म्हणाली, काका, एवढे जपानी कागद मी कुठं वाचत बसू, गर्दी खरी आहे ना, तुमचा शिक्का आहे ना, मग झालं. मी म्हटलं, हो. एवढंच म्हटलं, हो.

वर्षाच्या आत ती माणसं गेली. वैशालीनं दुकान रेटलं रेटलं आणि शेवटी बंद केलं, तर करार मध्येच मोडला म्हणून कंपनीनं उलट तिच्याकडंच दंड मागितला. तिनं दावा लावला. कोर्ट म्हणालं, अंदाज चुकीचा होता, कंपनीनं भरपाई द्यावी; पण शिकलेल्या बाईनं स्वतः चौकशी करायला हवी होती, म्हणून निम्मी कापली. अहो, चौकशी केली होती तिनं, माझ्याकडंच केली होती! आणि मी ते कोर्टात सांगायला गेलोच नाही. निवृत्ती जवळ आली होती, एवढंच कारण.

आता अपील आहे. चिठ्ठी मी जपून ठेवली होती, ती घेऊन तिच्या वकीलबाईंकडं गेलो. म्हटलं, कंपनीनं जाणूनबुजून लपवलं, मग शिक्षा म्हणून जास्तीची भरपाई नको का? त्या म्हणाल्या, तसा कायदा इथं नाही, झालेलं नुकसान तेवढंच मागता येतं. तुमच्या चिठ्ठीनं फार तर कापलेलं निम्मं परत मिळेल. म्हणजे चुकून फसवलं काय नि ठरवून फसवलं काय, सारखंच? कंपनीनं तिच्याकडून दंड मागायचा आणि तिनं मात्र नाही? मी टेबलावर हात आपटला, या वयात. बाई शांतपणे म्हणाल्या, हा राग पहिल्या कोर्टात कामाला आला असता.

जबानी लिहून झाली. वैशाली समोरच बसली होती. मी शिक्का मारला, सरळ, उभा. तिनं कागद उचलून नीट पाहिला आणि इथं परक्या माणसाच्या नावाला लावतात ते सान लावून म्हणाली, आभारी आहे, पाटणकर-सान. मराठीतच म्हणाली, पण काका नाही म्हणाली.

बरोबरच आहे तिचं. कापलेलं निम्मं तरी तिचं तिला मिळू दे. मला तिनं हवी ती हाक मारावी.