मागाचा दांडा

हेझल : दंड दुखतोय असं सांगू या ना, आई. मेळा भरवणाऱ्या बॅरीला मी सांगते.

विनिफ्रेड : माझा दंड दुखत नाहीये.

हेझल : मग गुडघा म्हणू. अकराच्या प्रात्यक्षिकाला अजून थोडा वेळ आहे. माग ती कॉलेजातली पोरगी चालवेल, शिकून आलीय.

विनिफ्रेड : सकाळी मागाचा धोटा कंगव्यासारखा धरला होता तिनं! अगं, हा बत्तीस नंबरचा माग एकोणतीस वर्षं माझ्या हाताखाली होता. गिरणी बंद पडली, छतातून झाडं उगवली. आता कुठं डागडुजी करून लोकरीचा मेळा भरवलाय, अर्धं यॉर्कशर लोटलंय, आणि मी खुर्चीत बसून केक खाऊ?

हेझल : खा ना. खाली एक आजोबा मेंढीसुद्धा घेऊन आलेत, तिला बघ.

विनिफ्रेड : मेंढ्या मी रोज बघते. तू खरं कारण सांग.

हेझल : खरं काय असायचंय? गारठा आहे इथं.

विनिफ्रेड : गुरुवारी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?

हेझल : सांगितलं ना. रक्त कमी आहे. गोळ्या दिल्यात.

विनिफ्रेड : मी पंधराव्या वर्षी इथं लागले, हेझल. शंभर माग एकदम खडखडायचे. शेजारणीला मारलेली हाक आपल्यालाच ऐकू यायची नाही. पार त्या भिंतीपर्यंत आम्ही नुसत्या ओठांवर गप्पा मारायचो. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दिवस गेलेत, सगळं.

हेझल : माहितीये. मलाही पाहुण्यांसमोर तसंच दटावायचीस.

विनिफ्रेड : मग दवाखान्याच्या दाराला काच आहे, हे कसं विसरलीस?

हेझल : काच...

विनिफ्रेड : डॉक्टरीणबाईंचे ओठ अगदी स्वच्छ हलतात. 'हृदय फार थकलंय. जरा जास्त ताण पडला तरी भरवसा नाही.' त्यावर तू काय म्हणालीस, ते मात्र दिसलं नाही, तुझी पाठ होती माझ्याकडे.

हेझल : आईला सांगू नका, असं म्हणाले मी.

विनिफ्रेड : वाटलंच मला.

हेझल : गुरुवारपासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. तू खोकलीस तरी उठून बघते. आणि तुला माग चालवायचाय!

विनिफ्रेड : दांडा तू ओढ. जड काम सगळं तुझं. मी नुसती नजर ठेवीन. धागा तुटला तर गाठ मारीन. दहा मिनिटं.

हेझल : पाच.

विनिफ्रेड : सात. मुकादमसुद्धा इतकी घासाघीस करायचा नाही.

हेझल : आणि काही झालं तर?

विनिफ्रेड : दांडा मागं ढकलायचा. माग थांबतो.

हेझल : मी मागाचं नाही विचारत!

विनिफ्रेड : कळतंय गं. लोक जमलेत बघ. ओढ.

(हेझल दांडा ओढते. माग खडखडू लागतो. यापुढं दोघींचे नुसते ओठ हलतात.)

हेझल : बरी आहेस ना?

विनिफ्रेड : धाग्याकडे बघ. माझ्याकडे काय बघतेस?

हेझल : तुझ्याकडे बघितल्याशिवाय कळणार कसं?

विनिफ्रेड : मग बघ. मघाशी सांगता आलं नाही. मला भीती वाटते, पोरी. फार वाटते.

हेझल : मलाही, आई.

विनिफ्रेड : लांब जाऊ नकोस. तोंड दिसू दे तुझं.