मागचा लॉक राहिला

अरे, परवा माझ्या बहिणीच्या, मेधाच्या येरवड्यातल्या शेडमध्ये भलताच प्रकार झाला. ती फर्निचर बनवते. कापणं, रंधणं, भोकं पाडणं, सगळं एकाच मशीनवर. फळी सरळ जावी म्हणून करवतीशेजारी गाइड असतो. मेधाने त्याचा पुढचा लॉक आवळला, मागचा राहिला. कापता कापता गाइड तिरका झाला, फळीची कापलेली पट्टी करवतीत अडकली आणि सणकन मागे उडून प्लायवूडच्या भिंतीत आरपार घुसली!

भिंतीपलीकडे शेजारच्या काकांचं ऑफिस. मेधाने मशीन बंद केलं आणि ओरडली, "काका! लागलं का हो?"

आम्ही धावत पलीकडे गेलो. काका खुर्चीत ताठ बसलेले, कानाशेजारी पट्टीचं टोक. घाम पुसत म्हणाले, "आमच्याकडे लोक सहसा दारातून येतात."