एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या

नाव : वेगळ्या कागदावर दिले आहे, सगळे मिस्त्री म्हणतात. वय : त्रेसष्ट. धंदा : जुन्या मोटारी दुरुस्त करणे. पत्ता : वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्या.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, काल मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाविरुद्ध, बनावट गाडी लिलावात आणल्याची तक्रार याच ठाण्यात दिली. आज सकाळी लिलावाच्या हॉलमध्ये आपल्या अंमलदारांसमोर दोन्ही गाड्या पुन्हा पाहिल्या. त्यावरून हा दुसरा जबाब देत आहे. कालचा रागाच्या भरात दिला होता. आज राग नाही.

बाईंची गाडी एकोणीसशे तीन सालची. एकच सिलिंडर, साखळीवर चालणारी, लाकडी चाकं, पितळी दिवे. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, वय एकोणऐंशी. गाडी त्यांच्या आजोबांनी कोरी घेतलेली. गेली पस्तीस वर्षं ती माझ्या हाताखाली आहे. बाईंना मूलबाळ नाही. आपल्यामागे गाडी कुणा जाणत्याच्या हाती पडावी, आणि ती आजोबांचीच आहे हे त्याला ठाऊक असावं, एवढ्यासाठी त्यांनी ती लिलावात दिली. यादीत ती अकरावी होती. खाली छापलं होतं : मूळ सांगाडा, मूळ क्रमांक ४१८. ही माहिती मी पुरवली.

काल गाड्या बघायचा दिवस होता. सव्वाअकराच्या सुमारास लिलाववाल्यांच्या तपासनीस मॅडम आल्या. त्या सांगाड्यावरच्या आकड्यांवर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासतात, म्हणजे ठसा कागदावर उतरतो. त्यांच्या हातात दोन कागद होते. दोन्हींवर ४१८. दुसरा कागद सत्ताविसाव्या गाडीचा होता, आणि तिच्या शेजारी फडकं घेऊन माझा भाऊ उभा होता. आम्ही चौदा वर्षं बोललेलो नाही.

मी भर हॉलमध्ये त्याची कॉलर धरली आणि म्हणालो, "चोरा, आकडासुद्धा सोडला नाहीस?" तो एवढंच म्हणाला, "दादा, वाकून बघ तरी." मी वाकलो नाही. त्याला तसाच ओढत इथे आणला. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी सगळं पाहिलं.

आता कामाची पद्धत सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये काढलेला भाग फेकत नाहीत. चिठ्ठी बांधून फळीवर ठेवतात. बाईंच्या गाडीची चाकं गेली, ती मी नवी केली. तळाच्या लाकडी फळ्या नव्या टाकल्या. एका उन्हाळ्यात पाणी आटून इंजिन तापलं आणि तडकलं, तेव्हा तसल्याच दुसऱ्या गाडीचं बसवलं. शेवटी सांगाडा गंजून वाकला, तोही नवा घडवला. ज्या वर्षी सांगाडा बदलला त्याच वर्षी आम्ही भाऊ वेगळे झालो. बाईंना मी म्हणालो, "सांगाडा दुरुस्त केला." त्यांनी मान डोलावली. माझ्या शब्दावर त्यांनी आजवर कधी उलट विचारलेलं नाही.

नव्या सांगाड्यावर क्रमांक मीच ठोकला. आकडे ठोकायच्या माझ्या पोलादी ठशांमधला आठ फुटला होता, म्हणून बारीक शून्य वर-खाली दोनदा मारून आठ केला. असं केल्यावर जुन्या सांगाड्यावरच्या आकड्यांवर छिन्नीने आडवी रेघ मारून ते रद्द करायचे असतात. मी छिन्नी हातात घेतली होती. एवढ्या जुन्या आकड्यांवर घाव घालवेना. तसेच ठेवले. बाकी कामात माझ्याकडून चूक होत नाही.

वेगळं होताना भावाने फळीवरचं ते सामान मागितलं. मी चारचौघांत म्हणालो, "ने, ते भंगारच तुझ्या लायकीचं आहे." त्याने हातगाडीवर घालून चार फेऱ्यांत नेलं.

आज सकाळी अंमलदारांनी बॅटरी धरली आणि मी सत्ताविसाव्या गाडीखाली वाकलो. आकड्यांतला आठ एकसंध होता, कारखान्याचा. सांगाडा तापवून, ठोकून सरळ केलेला. इंजिनाचा तडा बारीक पितळी खिळ्यांनी ओळीने शिवलेला. ते काम करायला वर्ष लागलं असणार. अशी सफाई मला येत नाही. मागच्या आसाला चिठ्ठी अजून बांधलेली होती. 'बाईंची गाडी. मागचा आस.' अक्षर माझं. मी गाडीखालीच बसून राहिलो. अंमलदारांनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

मग मॅडमनी भावाने भरून दिलेला अर्ज दाखवला. त्यात 'मूळ भाग कुठून मिळाले' या रकान्यात त्याने लिहिलं आहे : 'सर्व भाग माझ्या थोरल्या भावाने जपून ठेवलेले. दुरुस्ती माझी.' त्याने अर्ज भरला तेव्हा यादी छापलेली नव्हती, आणि यादीत मालकांची नावंही छापत नाहीत. बाईंची गाडीही त्याच लिलावात आहे हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तेव्हा मी सांगतो की, बाईंच्या आजोबांनी घेतलेली गाडी यादीतली सत्ताविसावी आहे. अकरावी गाडी मी पस्तीस वर्षांत एकेक भाग बदलत बनवली, आणि तीच जुनी म्हणून मीही मानत आलो. यात फसवण्याचा हेतू नव्हता, पण आकडा माझ्या हाताने ठोकलेला आहे. काय कारवाई करायची ती माझ्यावर करावी. माझ्या भावाने कोणताही गुन्हा केलेला नाही. तो कालपासून बाहेर बाकावर बसला आहे, त्याला घरी सोडावं. मघाशी आत येताना त्याने मला बसायला जागा करून दिली. मी बसलो नाही, याची मला लाज वाटते.

वरचा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. विनंती एकच : बाई बाहेर रिक्षात थांबल्या आहेत. हा कागद त्यांना कुणी वाचून दाखवू नये. गाडी सत्ताविसावी आहे, हे त्यांना मी आणि माझा भाऊ मिळून सांगू, तो माझ्याबरोबर आला तर.