सासूबाईंनी करून घेतलेली खात्री

जिथे बाळंतिणींना हलक्या हाताने तेल चोळून त्यांच्या मनाची धडधड शांत करतात, त्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी तान्हं बाळ घेऊन एक सून बसली होती. तिच्या सासूबाई आतून बाहेर आल्या.

“बाई चांगली आहे गं. आधी मीच खात्री करून घेतली.”

“आई, वेळ माझी होती.”

“परक्या हातात सुनेला डोळे झाकून सोपवू? पाठीवरचा डोंगर उतरला बघ माझ्या.”

“मग आता मी जाऊ?”

“वेळ संपली की. चल, स्वयंपाक खोळंबलाय.”

“रात्ररात्र डोळा लागत नाही माझा. छातीत धडधडतं.”

“आमच्या बाळंतपणात कुणी बोट तरी लावलं का? माणसानं मन शांत ठेवावं. मी बघ कशी शांत आहे.”

“मग बाळाला तरी घ्या घटकाभर.”

“आत्ता नको. हात तेलकट आहेत.”