वरच्या फळीवरची बरणी

वेल्ह्याच्या दवाखान्यात रश्मीचा नंबर लांब होता आणि मोबाईलची बॅटरी केव्हाच संपली होती. शेजारच्या बाकावर डोंगरावरच्या सासूसुना बसल्या होत्या. कान तिकडं गेलेच.

"आत्या, तुमच्या रिपोर्टात चरबी पुन्यांदा वाढलीय. आता डॉक्टर मलाच बोलत्यात बगा."

"तुला का? तेल तर तू चमच्यानं मोजून टाकतीस."

"व्हय की. सहा मानसांत महिन्याला तीन लिटर. पोरं भज्यांची वाट बगून दमली."

"मंग झालं तर. त्यांनी सांगितलं त्ये आपन केलं."

"आन् भाकरीवरचं तूप?"

"तूप काय तेल हाय व्हय? घरच्या म्हशीचं हाय. माजी सासू जल्मभर खात व्हती, नव्वद वर्सं जगली."

"त्या म्हशीमागं रोज डोंगर चढायच्या. तुमी चुलीपाशी बसून असता. मागल्या खेपंला डॉक्टर म्हनले न्हाईत का, तेल आन् तूप एकातच धरा म्हनून? आज म्या सांगनारच, आत्या गुपचूप तूप खात्यात."

"सांग की, साधने. आन् ह्येबी सांग, वरच्या फळीवरची तुपाची बरनी खाली चुलीपाशी कुनी आनून ठिवली. माजा हात तर तितवर पोचत न्हवता."

सुनेनं रिपोर्टाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"बिनतेलाच्या भाजीवर तुमी चार दिस भाकरीला हात लावला न्हवता, आत्या."