कायद्यात बसणारी मिठी

शिक्षकाला कायद्याचं संरक्षण पाहिजे, हे मी आजही ठणकावून सांगतो. पण आधी हे ऐका. दिल्लीत शिकून मी सेलूजवळच्या एका शाळेत लागलो. पहिल्याच महिन्यात आठवीतली दोन पोरं भिडली. मी धावत जाऊन त्यातल्या गणेशला मागून घट्ट धरलं. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या नाकाच्या गणेशला घेऊन त्याची आई शाळेत हजर! तिनं तक्रार केली असती, तर माझी नोकरीच गेली असती.

मी म्हणालो, “ताई, मी मारलं नाही. भांडण सोडवायला पोराला धरणं कायद्यात बसतं.”

“बसतंय की! पण तुमी ह्याचे हात धरले, अन् त्या दुसऱ्यानं निवांत हाणलं ह्याला.”

“मग तक्रार करणार का?”

“तक्रार कशाला, सर? आज तेवढं त्या दुसऱ्याला धरा.”