तीन सेकंदांत उत्तर

— नाही, नाही, मॅडम, ‘खोटं बोलली’ असं लिहू नका. पेन जरा थांबवा. तुम्ही हॉस्पिटलच्या चौकशी समितीच्या, तुमचा अधिकार मला मान्य आहे. तुम्हाला ठाऊक आहे ते असं, की वरच्या मजल्यावरून सिस्टरनं फोन केला — सात नंबरच्या पेशंटचं ऑपरेशन आहे, पाणी अजिबात देऊ नका — आणि ही माझ्या वर्गातली बाई म्हणाली, ‘हो, समजलं, लगेच करते,’ आणि गेली ती ग्लासभर पाणी पाजून आली. ऑपरेशन एक दिवस पुढं गेलं. माणूस बरा आहे ना आता? खात्री आहे? — हं. सुटलो. म्हणजे, सुटलो कसला.

समजलं नव्हतं तर ‘समजलं’ का म्हणाली, हाच तुमचा प्रश्न. तिला विचारलंत तर ती नुसती रडेल. आम्ही तिला शिंपीणबाई म्हणतो — तिच्या देशात तिचं शिवणाचं दुकान होतं, इथं आल्यावर माझ्या या भाषेच्या वर्गाचे फाटके पडदेसुद्धा तिनंच शिवले, न सांगता. दोन लेकरं, नवरा नाही, आणि हातात ही एक वॉर्डातली नोकरी. उद्या तुम्ही ती काढून घेणार — घेणार नाही? ठरलेलं नाही? बरं. मग हे ऐका. हा टॅब बघा, हे हेडफोन कानाला लावा, लावा हो, चावत नाहीत. प्रश्न वाजला? आता गप्प राहा. एक, दोन, तीन — झाला दिवा लाल! शून्य मार्क. आता पुन्हा. या वेळी काहीही बोला, मात्र पूर्ण वाक्य, न अडखळता. बघा — हिरवा. प्रश्न कळला का, ते यंत्रानं तपासलं? नाहीच तपासलं! त्यानं बसस्टॉप कुठं आहे विचारलं होतं आणि तुम्ही त्याला हवामान सांगितलंत. ऐंशी टक्के, मॅडम. अभिनंदन.

तोंडी परीक्षा अशी यावर होते. सत्तर टक्के पडले की प्रमाणपत्र, प्रमाणपत्र असलं की तुमच्याकडे नोकरी. आणि माझी ही मंडळी बिचारी विचार करायची हो! प्रश्न ऐकायचा, मनात आपल्या भाषेत उलटवायचा, उत्तर जुळवायचं — तोवर तीन सेकंद संपलेले. भाषा अशीच शिकतात, अडखळत. मी आयुष्यभर हेच शिकवलं, यावर दोन जाडजूड ग्रंथ लिहिले, कोणी वाचले नाहीत ती गोष्ट वेगळी. पण निकाल निम्म्यावर आला आणि संस्थेच्या संचालिकाबाई — माझीच विद्यार्थिनी, लेकीसारखी — चहा पाजून म्हणाल्या, ‘सर, असंच चाललं तर पुढल्या वर्षी आपण नुसते टॅब ठेवू, तुम्ही आता आराम करा.’ आराम! घरी बसून भिंती मोजू? — तर मग मी ते वाक्य काढलं. हो, मीच काढलं. तिचं नाहीच ते. ‘हो, समजलं, लगेच करते.’ कशावरही चालतं. फळ्यावर लिहिलं, चाळीस-चाळीस वेळा म्हणून घेतलं, कळो न कळो, गप्प बसायचं नाही, आधी हे फेकायचं आणि मग विचार करायचा. शिंपीणबाईनं एकदा हात वर केला होता. म्हणाली, ‘सर, पण नाही कळलं तर?’ मी म्हणालो, ‘तो प्रश्न परीक्षेत नाही.’ सगळे हसले. मीही हसलो.

लिहिताय? लिहा, लिहा. हे तर लिहाच. ती घाबरली आणि घाबरल्यावर माणसाच्या तोंडून जे चाळीस वेळा घोटलेलं असतं तेच बाहेर पडतं.

काय? प्रमाणपत्राखालची सही? हो, माझीच. ‘उमेदवाराचं बोलणं व आकलन मी स्वतः ऐकून तपासलं आहे.’ — स्वतः ऐकून. मॅडम, जरा मोठ्यानं बोलता का, आणि माझ्याकडे तोंड करून? हे असं आहे बघा. तीनेक वर्षं झाली. माणसांचं बोलणं मला नुसतं घोंगावल्यासारखं येतं. आमची ही म्हणते, ‘तुम्हाला सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं’ — तिला गंमत वाटते. संस्थेत कुणाला माहीत नाही. मी वर्गात ओठ बघतो, आणि हा दिवा बघतो. हिरवा झाला की मान डोलवतो — ‘छान, उत्तम!’ ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक आणि दिव्याकडे बघून मान डोलवतो! यंत्राला मी मनातून रोज शिव्या देतो, आणि ते नसेल तर मी एक दिवस उभा राहू शकत नाही या खोलीत. म्हणून तुम्हाला सांगतो, तिला मी ऐकलंच नाही. तिला काय कळतं, काय नाही, मी कधी तपासलंच नाही. दोष तिचा नाही. द्या तो कागद, मी सही करतो. माझं जे व्हायचं ते होवो, पण तिला कामावर राहू द्या, आणि शेजारी कुणी असं द्या की ज्याला ती दोनदा विचारू शकेल. झालं. हलकं वाटलं, खरंच सांगतो —

काय म्हणालात? पुन्हा सांगा.

आणखी किती जणांना न ऐकता प्रमाणपत्र दिलं? — म्हणजे? — अहो, तुम्ही शिंपीणबाईसाठी आला होतात ना? बाकीच्यांचा काय संबंध? एकतीस जण आहेत, कुणी तुमच्याकडे, कुणी वृद्धाश्रमात, एक जण तर शाळेची बस चालवतो — नाही. नाही, हे लिहू नका. मी आकडा सांगितला नाही. मॅडम, त्यांच्या हातून काही झालेलं नाही. अजून काहीच झालेलं नाही! त्यांची लेकरं आहेत, घरभाडी आहेत, मी एकीला वाचवायला तोंड उघडलं आणि — ठेवा ते पेन. ठेवा म्हणतो ना!

जिन्यावर नव्या तुकडीची पावलं दिसतायत, वर्गाची वेळ झाली. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे त्यांची. तुम्ही बसलात ती जागा त्यांची आहे.

उठा.